रोगी बरळू लागला तर



ज्वारीच्या राशीवर शेळी सुटली आणि पोटभर दाणे खाऊन बसली तर काय होते, हे आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पोट फुगते, हे सर्वांना ठाऊक. पण कधी कधी पुढच्या काही दिवसांत ती आंधळ्यासारखी फिरते, भिंतीला डोके टेकून उभी राहते, मान मागे टाकते. जनावरांचे डॉक्टर अशा वेळी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. वेळेवर दिले तर शेळी पुन्हा कळपात येते. तिच्या पोटातले सूक्ष्म जीव हे जीवनसत्त्व रोज तयार करतात. दाणे फार झाले की तो कारखाना बिघडतो आणि मेंदूची उपासमार होते.

माणसाला ते रोजच्या भाकरीतून, डाळीतून, शेंगदाण्यांतून मिळते. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. आज शेतीचा विषय सोडून हे लिहितो आहे, त्याला कारण घडले.

भूम तालुक्यातल्या एका परिचिताच्या आईला अन्ननलिकेचा कर्करोग झाला. घास उतरेना. महिनाभर चहा, साबुदाण्याची पेज आणि ग्लुकोजचे पाणी एवढ्यावर म्हातारी होती. एके दिवशी तिने नातवाला आपल्या भावाच्या नावाने हाक मारली. चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. "दिवे दोन का लावले?" म्हणाली, दिवा एकच होता. शेजारीण म्हणाली, बाहेरचे आहे. मुलगा म्हणाला, "साहेब, रोग मेंदूत चढला. आता दवाखान्यात नेऊन काय उपयोग?" अशक्तपणा आहे म्हणून गावातच ग्लुकोजची बाटली चढवली, तर दुसऱ्या दिवशी भ्रम आणखी वाढला.

इथेच मेख आहे. साखर जाळायला शरीराला ब-१ लागते. उपाशी माणसाला नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले ब-१ही त्यात खर्च होते.

शेवटी नेले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजींनी नीट जेवून किती दिवस झाले?" आणि तपासण्यांचे निकाल यायची वाट न पाहता शिरेतून ब-१ सुरू केले. तिसऱ्या दिवशी म्हातारीने मुलाला ओळखले. कर्करोग होता तिथेच आहे, आणि काही नावे अजूनही तिला आठवत नाहीत. उशीर झाला की एवढे नुकसान मागे राहते. कधी याहूनही जास्त.

हा आजार दारुड्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे माळकरी म्हातारीच्या बाबतीत तो कुणाच्या मनातही येत नाही. पण १८८१ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी ज्या तीन रोग्यांवरून हा आजार प्रथम मांडला, त्यांत दोघे दारू पिणारे असले तरी तिसरी एक तरुण स्त्री होती. तेजाब पोटात गेल्याने तिला सारख्या उलट्या होत असत.

आपल्या भागाला कर्करोग नवा नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांमधील कर्करोग्यांची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. औषधांनी उलट्या, तोंडाला फोड, अन्नावरची वासना उडालेली, हे अशा बहुतेक घरांत दिसते.

बरळण्याची कारणे पुष्कळ असतात. रक्तातले मीठ घटणे, कॅल्शियम वाढणे, ताप, वेदनेच्या गोळ्या, लघवी अडणे. आणि हो, रोग मेंदूत जाणेही. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. घरी गोळ्या आणून देत बसू नका. बिघडलेल्या आतड्यातून त्या पुरेशा लागत नाहीत. ग्लुकोजला सरसकट नाहीही म्हणू नका, कारण साखर उतरलेल्या रोग्याला ते तातडीने लागते. फक्त विचारा, "डॉक्टरसाहेब, ब-१ सोबत द्यायचे का?"

निघताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: पोटभर जेवण शेवटचे कधी झाले, उलट्या किती दिवस आहेत, भ्रम कोणत्या दिवशी सुरू झाला, चाल आणि नजर बिघडली का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गडबडीत हेच सांगायचे राहते. चिठ्ठी लिहायला घरातली शाळेत जाणारी मुलगी बसवा. तिला तारखा आपल्यापेक्षा बऱ्या आठवतात.