उरलेल्या अन्नाचे पहिले दोन तास

गौरी-गणपतीचे दिवस म्हणजे घर भरलेले असण्याचे दिवस. मुंबई-पुण्याहून भाऊ-भावजया येतात, माहेरवाशिणी येतात आणि एरवी तीन-चार पानांची सवय असलेल्या घरात वीस-पंचवीस पाने वाढली जातात. पुरणपोळी, कटाची आमटी, गौरींच्या सोळा भाज्या, कोशिंबीर, खीर, वरणभात असा सगळा बेत 'कमी पडायला नको' या एकाच हिशेबाने रांधला जातो. साहजिकच अन्न उरते. ते टाकू नये हा आपल्याकडचा जुना आणि चांगला संस्कार आहे. मात्र ते ठेवायचे कसे आणि खायचे कोणी, याचा विचार अजून पुरेसा होत नाही.

उरलेल्यातून नवे करण्यात मराठी स्वयंपाकघराचा हात धरणारे कोणी नाही. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, गूळ-तूप घालून वळलेला पोळीचा लाडू, वरणात कणीक भिजवून केलेले पराठे, भाज्या मळून थापलेले थालीपीठ. कटाची आमटी तर पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून काढलेल्या पाण्याचीच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 मधील अहवालानुसार जगात 2022 या एका वर्षात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घराघरांतले होते. अशा काळात ही काटकसर जपायलाच हवी, पण शास्त्र सांभाळून.

भाताचे उदाहरण घेऊ. तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. भात शिजवताना जंतू मरतात, बीजाणू मात्र तग धरतात. भात कोमट होऊन तसाच राहिला की त्यांच्यापासून पुन्हा जंतू वाढतात आणि त्यातले काही विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे दुपारचा ओट्यावर राहिलेला भात रात्री कितीही खमंग फोडणीला टाकला, तरी त्यात तयार झालेले विष तसेच राहते. असा भात खाल्ल्यावर काही तासांतच मळमळ आणि उलट्या सुरू होतात. हाताळताना हातावरून पेढे, बर्फी, बासुंदीत जाणाऱ्या 'स्टॅफिलोकोकस' जंतूंचे विषही असेच उष्णतेला पुरून उरते. मोठ्या पातेल्यातली घट्ट आमटी किंवा मटणाचा रस्सा मध्यभागी तासन् तास कोमट राहतो. तिथे आणखी वेगळे जंतू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा येऊन जुलाब होतात.

'वास घेऊन बघ, आंबले नसेल तर खा' ही आपली घरगुती परीक्षा इथे अपुरी पडते. अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे असतात. वास, रंग, चव सगळे ठीक असूनही अन्न घातक असू शकते. म्हणून नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे : शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि भाद्रपदातली दमट, उबदार हवा नेमकी या पट्ट्यात येते.

आता गौरीपूजनाच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. भात अकराला शिजतो. नैवेद्य बाराला, पहिली पंगत एकला, दुसरी दोनला. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका तीनला जेवायला बसतात. त्या जेवेपर्यंत बाकीचे घर वामकुक्षीला गेलेले असते. पातेल्यांवर झाकणे पडतात, 'चहानंतर बघू' असे ठरते आणि आवराआवर पाच-साडेपाचला होते. अन्न बिघडते ते याच मधल्या वेळात. त्याचे कारण निष्काळजीपणा नसते. हे काम ज्यांच्यावर टाकलेले असते, त्या त्या वेळी भुकेल्या आणि थकलेल्या असतात.

म्हणून उपाय पंगतीच्या क्रमातच आहे. जे आधी जेवतात त्यांनी उठल्यावर उरलेले अन्न आवरायला घ्यावे. यात कौशल्य लागत नाही. भात परातीत पसरावा, आमटी-भाज्या लहान, उथळ भांड्यांत काढाव्यात आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवाव्यात. अगदी गार होण्याची वाट पाहू नये. फ्रिज खच्चून भरू नये, कारण थंड हवा खेळती राहिली तरच तो गार ठेवतो. ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी संपवावा, बाकीचे दोन दिवसांत. लागेल तेवढेच बाहेर काढून, वाफाळेपर्यंत, एकदाच गरम करावे. ओल्या नारळाचे पदार्थ, खीर आणि कोशिंबीर यांना सवलत देऊ नये. गुळाची पोळी आठवडाभर टिकते म्हणून पुरणपोळीही टिकेल असे समजू नये, पुरणात पाण्याचा अंश बराच जास्त असतो. कामाला येणाऱ्या मावशींना किंवा शेजारी अन्न द्यायचे असेल तर ते जेवणाच्या वेळीच, ताजे असताना द्यावे. आपण खाणार नाही ते दुसऱ्याला देणे हे दान नव्हे.

दुसरा प्रश्न खाणाऱ्याचा. सणानंतरचे दोन दिवस घरातल्या इतरांसाठी ताजा वरणभात होतो आणि कालचे 'मी संपवते' म्हणत आई, आजी किंवा सून एकटी संपवते. शेवटी बसणाऱ्या बाईच्या पानात पोळी-भात असतो, डाळ-भाजी तळाशी गेलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण पानात काय उरते हा प्रश्न त्यांच्यापासून फार लांब नाही. शिवाय गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि मधुमेही यांना दूषित अन्नाचा त्रास जास्त होतो. पाहुणे गेल्यावर शिळे संपवण्याचे काम मात्र अनेकदा घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडेच येते.

तरीही उलट्या-जुलाब झालेच, तर क्षारसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून घोट घोट द्यावी. उलट्या थांबत नसतील, शौचात रक्त असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

सणाला माणसे एकत्र येतात ती एका पंगतीत जेवायला. मग उरलेल्याचे फोडणीचे भात आणि थालीपिठेही सगळ्यांच्या पानात पडू द्या, आणि भांडी रिकामी करायला सगळ्यांचे हात लागू द्या. पुढच्या वर्षी रांधतानाच दोन वाट्या तांदूळ कमी घेतले, तर त्याहून चांगले.