मंगळावरच्या विजेचं बटण कोणाच्या हातात?

मंगळावर वस्ती करायची तर वीज कुठून आणायची, हा विषय आम्ही यवतमाळची माणसं काढतो तेव्हा काही जण हसतात. आधी तुमच्या शेतातली वीज बघा, म्हणतात. ती बघूनच आम्ही बोलतोय.

मंगळावर पृथ्वीच्या सुमारे 43 टक्केच सूर्यप्रकाश पोचतो. 2018 च्या धुळीच्या वादळात सौरऊर्जेवरची 'ऑपॉर्च्युनिटी' गाडी कायमची गप्प झाली. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी 'क्युरिऑसिटी' त्याच वादळात काम करत राहिली. पण तिचं जनित्र सुरुवातीलाच जेमतेम 110 वॅटचं. तेवढ्यावर वस्ती जगत नाही. त्याच वर्षी 'नासा'ने नेवाडात युरेनियमच्या छोट्या अणुभट्टीची चाचणी घेतली. अशा एका भट्टीतून 10 किलोवॅटपर्यंत वीज मिळावी, असा त्यांचा हिशोब. सौर पट्ट्या जोडीला असाव्यात, पण मुख्य भार अणुशक्तीनेच उचलावा, हे आम्हाला पटतं. विज्ञानाला घाबरणारे आम्ही नव्हेच.

आमचा प्रश्न मालकीचा आहे. तिथे श्वासाचा ऑक्सिजनसुद्धा विजेवर तयार करावा लागेल. मग बिल थकलेल्या मजुराची वीज तोडली, तर नेमकं काय तोडलं?

आमच्या वणी तालुक्यातून कोळसा निघतो, वीजकेंद्रांकडे जातो. गावाच्या वाट्याला धूळ येते, आणि शेतपंपाला वीज येते ती पाळीने, कधी भर रात्री. त्याच 2018 साली राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीची दहशत होती. अंधारात ओलीत करायला जातो कोण? सालगडी. वीज कधी द्यायची हे ठरवणाऱ्या बैठकीत तो कधी बसला नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते आणि विजेचं धोरणही त्यांच्याकडेच होतं, हे पाठ्यपुस्तकं क्वचितच सांगतात. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योग वाढल्याशिवाय गरिबी हटत नाही, ही त्यांची मांडणी. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असं मांडलं.

1967 चा अंतराळ करार मंगळावर कोणत्याही देशाला मालकी सांगू देत नाही. पण तिथे नेलेली भट्टी ज्याची त्याचीच राहते. जमीन सगळ्यांची आणि विहीर पाटलाची, हा प्रकार आम्हाला नवा नाही. कोणत्याही कंपनीला वस्तीतल्या माणसाची वीज तोडता येणार नाही, हे कलम भट्टी यानात चढवण्याआधी लिहून घ्या. आणि लिहिणाऱ्यांत सालगड्याच्या घरातलं कोणी आहे का, तेही बघा.