फर्मान आणि अंगण

दिवाळी आली की आमच्या सरावलीच्या आसपास कारखान्यांतून मिठाईचे पुडे वाटले जातात आणि पुड्याबरोबर साहेबांचे भाषणही. ‘यंदा आपल्याला बदल घडवायचा आहे!’ टाळ्या होतात. पुढल्या दिवाळीस तेच भाषण पुन्हा ऐकावे लागते. मग वरची मंडळी म्हणतात, “माणसांनाच बदल नको असतो.”

हे साफ खोटे आहे. पुराव्यासाठी विलायती पुस्तके नकोत. डहाणूपलीकडची कोसबाडची टेकडी पुरे.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडला गेले. शाळा होती, पण आदिवासींची मुले येईनात. एखाद्या अंमलदाराने ‘पालक उदासीन’ असा शेरा मारून वही मिटली असती. या दोघी पाड्यावर गेल्या. मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड. मुलगा येत नाही, कारण त्याला गुरे राखायची. एक मूल हलवायचे तर सारे घर हलते! तेव्हा त्यांनी शाळाच बदलली. तान्ह्यांना पाळणाघर, गुराख्यांना कुरणशाळा, आणि पाड्याच्या अंगणातच अंगणवाडी. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत केले. अंगणवाडी तर १९७५ पासून सरकारी योजनेतून देशभर पोचली.

कोणी म्हणेल, शाळा निराळी, कारखाना निराळा. कबूल! रसायनाच्या भट्टीपाशी हुकूम हवाच. पण तारापूरच्या या पट्ट्याने स्फोटही पाहिले आहेत. यंत्राचा आवाज बिघडल्याचे प्रथम कळते ते पाळीवरच्या माणसाला. तो ते वर सांगेल की नाही, हे भिंतीवरच्या पाटीवर ठरत नाही; मागल्या खेपेस सांगितले तेव्हा त्याला काय ऐकून घ्यावे लागले, त्यावर ठरते. ‘तुला काय कळते?’ या तीन शब्दांनी ज्याचे तोंड एकदा बंद केले, तो पुन्हा बोलत नाही. आणि त्याच्या न बोलण्याची किंमत साहेबाच्या बंगल्यात नव्हे, चाळीतल्या घरात मोजावी लागते.

म्हणून साहेब, यंदा भाषण राहू द्या. पुडा घेऊन त्याच्या अंगणात जा, चहा घ्या आणि तो बोलेल ते ऐकून या.