कबुलीजबाब कोणाचा?

संदीप खरे यांच्या विरहगीतांविषयी आपल्या समीक्षाव्यवहारात दोनच भूमिका आढळतात. विद्यापीठीय समीक्षा बहुधा मौन पाळते. मौन सुटलेच, तर गीतातील ‘मी’ म्हणजे कवी स्वतः आणि गीत म्हणजे त्याच्या भंगलेल्या प्रेमाचा प्रांजळ कबुलीजबाब, असे गृहीत धरून ती मोकळी होते. या भूमिका परस्परविरुद्ध भासतात. वस्तुतः दोहोंत संहिता वाचण्याचे श्रमच टाळलेले आहेत.

कबुलीची ही कल्पना आपली नव्हे. १९५९ साली रॉबर्ट लोवेल यांच्या ‘लाइफ स्टडीज’वर लिहिताना एम. एल. रोझेन्थाल यांनी ती काव्यचर्चेत रुजवली. तिच्यामागे चर्चमधील पापनिवेदनाचा विधी उभा आहे. कबुली ऐकणाऱ्याला निवाड्याचा आणि क्षमेचा अधिकार असतो, हे फूको यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. ही संज्ञा आपण उचलली तेव्हा तो अधिकारही नकळत समीक्षकाने स्वतःकडे घेतला. मराठीत तर ‘कबुलीजबाब’ हा शब्द थेट पोलीसचौकीतला! आपल्या परंपरेत नवविधा भक्तीची अखेरची पायरी ‘आत्मनिवेदन’ ही आहे. तेथे निवेदन म्हणजे अर्पण, गुन्ह्याची उकल नव्हे. २०२१ मध्ये सतरा वर्षांची ऑलिव्हिया रॉड्रिगो ‘ड्रायव्हर्स लायसन्स’ या एका विरहगीताने जगप्रसिद्ध झाली आणि गीतातील मुलगा कोण, याच्या तपासात चर्चा गुरफटली. तेथील वृत्तपत्रांना हा तपास शोभून दिसेल. साहित्यसमीक्षेने तो का करावा?

भावगीताच्या काळात हा गोंधळ नव्हता. ‘शुक्रतारा’चे शब्द पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. या चौघांपैकी प्रेमात कोण पडले होते, असे कोणी विचारले नाही. विचारणाऱ्याला वेड्यात काढले असते. त्याहून मागे गेल्यास शाहिरीची साक्ष अधिक मोलाची ठरते. ‘होनाजी बाळा’ हे नावच मुळी दोघांचे: होनाजीने रचावे, बाळाने गावे. लावणीतील विरहिणी पुरुषाने रचली आणि अनेकदा पुरुषानेच गायिली. तिचा ‘मी’ कोणाच्याही चरित्रातून आलेला नाही. तो एका सांकेतिक व्यवस्थेतून आला, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडला.

आता खरे यांच्याकडे पाहावे. ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ साली पुण्यात सुरू झाला. त्यात खरे स्वतःच्या कविता म्हणतात, काही गातात. आणि त्यांच्याच शब्दांना चाल लावून सलील कुलकर्णीही गातात. एकाच रंगमंचावर एकाच कवीचा ‘मी’ दोन कंठांतून उमटतो. कबुलीचा सिद्धान्त येथेच ढासळतो. कुलकर्णी गातात तेव्हा कबुली कोणाची मानावी? श्रोते मात्र दोन्ही वेळा सारखेच हेलावतात. तेव्हा त्यांना हलवणारी गोष्ट कवीचे चरित्र नसून उक्तीची घडण आहे: बोलीच्या वळणाने जाणारी ओळ, छंदाची ओळखीची पकड, आणि समोर बसलेल्या ‘ती’ला उद्देशून बोलल्याचा आभास. प्रांजळपणा ही येथे घडवलेली वस्तू आहे. खरे यांचे यश त्या घडणीत आहे, आणि मर्यादाही तेथेच. पाऊस, चांदणे, आठवण यांचा साठा ते कधीकधी फारच सहजी उपसतात. पण ही मर्यादा सांगायलासुद्धा आधी कविता वाचावी लागते, आणि गायिलेल्या कवितेचे वाचन कसे करावे हे आपण विद्यार्थ्यांना शिकवलेलेच नाही.

प्रस्तुत लेखक हे वडगाव निंबाळकर येथून लिहीत आहे. तालुक्याचे गाव बारामती, मोरोपंतांचे. पंतांच्या प्रभावाने राम जोशी लावणीकडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका येथे सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, तिचा आशय आपण मुकाट्याने मान्य केला: गाणे हे कवितेच्या उंबरठ्याबाहेरचे, आणि आत यायचे तर डफ बाहेर ठेवून यावे. खरे यांच्याविषयीचे मौन याच उंबरठ्याचे आहे.

हा उंबरठा स्त्रीला आणखी उंच पडतो. पुरुषाच्या विरहगीताला प्रांजळपणाचे प्रशस्तिपत्र मिळते. तेच बोल फडावरच्या बाईने गायिले की ते तिच्या चारित्र्याचा पुरावा ठरतात, शब्द बहुधा एखाद्या शाहिराचे असले तरी. जात्यावर मात्र शब्दही तिचे होते आणि गळाही तिचाच. हेमा राईरकर, गी पॉइटव्हां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सासर, नवरा, तुटलेले माहेर यांविषयी त्यांत जे बोलले गेले, त्यापेक्षा धीट आत्मपर काव्य मराठीत क्वचितच सापडेल. आम्ही त्यांची रवानगी समाजशास्त्राच्या कपाटात केली. स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून स्वतःच्या विरहाचे गाणे सभागृहात गाणारी आणि खरे यांच्याइतकी ऐकली गेलेली एखादी मराठी स्त्री मला आठवत नाही. उद्या ती आली, तर आम्ही पहिला प्रश्न तिच्या वृत्ताविषयी विचारणार आहोत की ‘तो कोण?’ असा?