रिकामंच तर पडलं होतं!

२०१२ साली एका अनामिक पठ्ठ्याने अख्खं इंटरनेट मोजायला घेतलं. आयपीव्ही४चे सगळे पत्ते! एकट्या मशीनचं ते काम नव्हे, म्हणून त्याने जगभरातली सुमारे ४,२०,००० उपकरणं परस्पर कामाला जुंपली. त्यात घरगुती राउटर चिक्कार. आत शिरायला फार अक्कलही लागली नाही. युजरनेम रूट, पासवर्डही रूट. नाहीतर अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन. २०१३मध्ये त्याने सगळा डेटा फुकट वाटून टाकला. हेच ते कार्ना बॉटनेट.

डेटा भारी होता, मान्य. पण त्याने दिलेला बचाव मला अजिबात पटत नाही.

तो म्हणतो, मी काळजी घेतली. प्रोग्रॅम सगळ्यात कमी प्रायॉरिटीवर चालवला, पासवर्ड बदलले नाहीत, राउटर रीस्टार्ट केला की सगळं गायब. शिवाय मालकाला कळावं म्हणून आत एक रीडमी फाइल ठेवली! आता मला सांगा, ज्या माणसाने राउटरचा पासवर्ड जन्मात बदलला नाही, तो त्यात लॉगिन करून फाइली वाचत बसणार आहे का? हे म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावर चिठ्ठी टाकून यायचं आणि वर म्हणायचं, कळवलं होतं की!

आणि त्रास होणार नाही, हे ठरवणारा हा कोण? १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिसलाही काही मोडायचं नव्हतं. त्याचा वर्म आधी विचारायचा, या मशीनवर मी आहे का? पण कुणी खोटं ‘हो’ सांगून त्याला टाळू नये म्हणून सातातून एकदा तो तरीही स्वतःची नवी प्रत चालवायचा. तेवढ्याने हजारो मशीन गुदमरली. (पोरगा हुशार होता हो, पुढे एमआयटीत प्रोफेसर झाला.)

बरं, रिकामी मशीन वापरायचा सरळ मार्ग नव्हता असंही नाही. बर्कलीच्या सेटी अ‍ॅट होमला १९९९पासून लाखो लोकांनी आपणहून रिकामा वेळ दिला. तिथे प्रोग्रॅम मालक स्वतः डाउनलोड करायचा, आणि कंटाळा आला की काढून टाकायचा. कार्नाच्या मालकांना यातलं काय करता येत होतं?

आपल्याकडे २००० सालच्या आयटी अ‍ॅक्टच्या कलम ४३मध्ये परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींची यादी आहे. त्यात पहिलंच नाव नुसत्या आत शिरण्याचं. मोडतोड, व्हायरस वगैरे नंतर.

तरी ऑफिसच्या सर्व्हरवर रात्री कॉइन मायनिंग लावणारे महाभाग ‘रिकामंच तर पडलं होतं’ म्हणतात. मग अ‍ॅडमिनला एक मेल टाकून विचारायला काय झालं होतं?