न घेतलेल्या औषधाची शिक्षा

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. लोक अडाणी आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोळ्या घेतात आणि बरे वाटले की अर्ध्यावर सोडतात. तेव्हा लोकांचे प्रबोधन केले पाहिजे! दरवर्षी नोव्हेंबरात जागृती-सप्ताह साजरा होतो, भित्तिपत्रके लागतात आणि सारा दोष रोग्याच्या पदरात टाकून शासन मोकळे होते.

या उत्तराला एकच प्रश्न विचारला पाहिजे. जन्माला येऊन तीन दिवसही न झालेल्या अर्भकाने कोणती गोळी अर्ध्यावर सोडली?

दिल्लीतील तीन मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बालकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. शेकडा १४ बालकांना सेप्सिसने, म्हणजे सर्वांगात भिनणाऱ्या जंतुसंसर्गाने, गाठले होते. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वेळा तो पहिल्या ७२ तासांतच झाला. सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी शेकडा ८२ आणि क्लेब्सिएला जंतूंपैकी शेकडा ५४ एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरणारे होते. हा वारसा या बालकांना आईबापांच्या अज्ञानाने दिलेला नाही. जेथे एका पाळण्यात दोन बालके ठेवावी लागतात आणि एका परिचारिकेवर पंधरा-वीस बालकांचा भार पडतो, तेथे जंतू एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाणारच. हात धुतले पाहिजेत हे परिचारिकेला ठाऊक असते. तिला वेळ नसतो आणि नळाला पाणी नसते.

हे जंतू रुग्णालयाच्या दारातही थांबत नाहीत. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे नवजात विभागात औषधांना न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाची साथ पसरली. घरी गेलेल्या बालकांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बालकांच्या आतड्यात तो जंतू वर्षाहून अधिक काळ टिकून होता, आणि तपासलेल्या २८ कुटुंबांपैकी ९ कुटुंबांत तो घरच्या माणसांपर्यंत पोचला होता. हे झाले घरोघरी स्वच्छतागृह आणि वाहते पाणी असलेल्या देशात. मग दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्या आणि संडासासाठी रांग लावणाऱ्या वस्तीत काय होत असेल?

याचा अंदाज २०११ सालीच आला होता. दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हा औषधरोधक जनुक आढळला. केंद्र शासनाचा संताप मात्र त्या जनुकावर नव्हता, तर त्याच्या नावात ‘नवी दिल्ली’ आहे यावर होता!

कारखानदारांच्या बाबतीत हेच शासन किती मवाळ होते, तेही पाहावे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील औषध कारखान्यांच्या, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे २००७ साली दिसून आले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढे औषध नसते. जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा निघाला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा गायब झाल्या. गोळी अर्ध्यावर सोडणारा मजूर गुन्हेगार, आणि नदीत औषध ओतणारा मात्र उद्योजक, असा हा न्याय आहे.

औषधांचा अविचारी वापर होतो, हे खोटे नाही. परंतु सरकारी दवाखान्यातील रांगेपायी ज्याचा रोज बुडतो, तो दुकानातून दोन गोळ्या घेऊनच कामावर जाणार. त्याला उपदेशाची नव्हे, वस्तीतल्या दवाखान्याची गरज आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षापासून सुरुवात करावी. दर पाळीला किती बालकांमागे किती परिचारिका असतात? नळाला चोवीस तास पाणी असते काय? जंतुसंसर्गाने किती बालके दगावली, याची नोंद जनतेला पाहता येते काय? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत, आणि ती मिळेपर्यंत दारातून हलू नये. ज्या बालकाला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने हे विचारणे चळवळीचे काम आहे.