म्हातारपणाचा हिशेब



नोकरदार ठरल्या तारखेला निवृत्त होतो. कोरडवाहू शेतकरी गुडघे बसले म्हणजे थांबतो. कापूस-ज्वारीच्या भावात बी-खत-मजुरीचाच मेळ बसत नाही, तिथे म्हातारपणाची शिल्लक कुठून पडणार?

सरकारने २०१९ साली किसान मानधन योजना काढली. वय १८ ते ४०, जमीन दोन हेक्टरपर्यंत. बागायत आणि कोरडवाहू एकाच मापात. दरमहा ५५ ते २०० रुपये भरा, तेवढेच सरकार घालील, साठीनंतर महिना ३,००० रुपये. म्हणजे पहिले पेन्शन २०३९ साली! तेव्हा त्या पैशात किती ज्वारी येईल? आणि त्या वेळी चाळिशी ओलांडलेल्यांना दारच बंद. त्यांना उरते ती श्रावणबाळ योजना: ६५ वर्षे पुरी, उत्पन्नाचा दाखला, महिना १,५०० रुपये.

दवाखान्याचे मात्र एक दार उघडले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत भरती होऊन उपचार मिळतात. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण वय धरतात आधार कार्डावरचे. आपल्याकडे अनेकांची जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. ती आजच दुरुस्त करा. मेहनतीने बोटांचे ठसे झिजतात, मशीन ओळखत नाही. म्हणून आधारला मोबाईल नंबर जोडा.

यात लाचारी नाही. जन्मभर भावात जे कापले गेले, त्यातलेच चार पैसे परत घ्यायचे आहेत. पुढच्या बैठकीला घरातल्या म्हाताऱ्यांची आधार कार्डे घेऊन या.